दोन विजय, दहा पराभव: फ्लोरिडा स्टेटच्या 2024 च्या फुटबॉल हंगामाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा संघ कोणता, आणि एका महाविद्यालयीन संघाच्या पराभवाची एवढी चर्चा का झाली?

फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटी हे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या राजधानीचे, म्हणजे टॅलाहासीचे, सरकारी विद्यापीठ असून त्याचा अमेरिकन फुटबॉलचा संघ सेमिनोल्स या नावाने ओळखला जातो. या संघाने 1993, 1999 आणि 2013 असे तीन वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आहे. प्रशिक्षक बॉबी बाउडन यांच्या काळात, 1987 ते 2000 या सलग 14 हंगामांत, त्याने प्रत्येक वर्षी किमान 10 सामने जिंकले आणि हंगामाअखेर देशातील पहिल्या पाच संघांत स्थान राखले. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा व्यावसायिक खेळाइतकाच, आणि दक्षिणेकडील राज्यांत त्याहूनही अधिक, जिव्हाळ्याचा विषय आहे. तेथे शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना पहिल्याच शरद ऋतूत हे उमगते आणि भारतात परतल्यावरही त्यांच्यापैकी अनेक जण रविवारी पहाटे उठून सामने पाहत राहतात. हे पान त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्यांना या खेळाबद्दल पडणाऱ्या प्रश्नांसाठीही आहे.

2023 मध्ये हाच संघ नियमित हंगाम आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटाचा अंतिम सामना धरून 13 पैकी 13 सामने जिंकला होता. पुढच्याच वर्षी त्याने 12 पैकी 10 सामने गमावले, आणि त्यातला शेवटचा पराभव 30 नोव्हेंबर 2024 रोजी स्वतःच्या मैदानावर, फ्लोरिडा विद्यापीठाकडून, 31-11 असा पत्करला.

फ्लोरिडाकडून झालेला पराभव बाकीच्या नऊ पराभवांपेक्षा अधिक का झोंबतो?

गेन्सव्हिल येथील फ्लोरिडा विद्यापीठ राज्यातील मोठे विद्यापीठ मानले जाते. फ्लोरिडा स्टेट 1947 पर्यंत केवळ महिलांचे महाविद्यालय होते आणि त्याच वर्षी तेथे पुरुषांना प्रवेश मिळून फुटबॉल सुरू झाला. नव्या संघाशी खेळायला फ्लोरिडा बराच काळ राजी नव्हते. अखेर 1958 मध्ये पहिला सामना झाला आणि तो फ्लोरिडाने 21-7 असा जिंकला. तेव्हापासूनचा हिशेब, 2024 चा सामना धरून, फ्लोरिडाचे 38 विजय, फ्लोरिडा स्टेटचे 28 आणि दोन बरोबरी असा आहे. त्या दोन बरोबरींपैकी 1994 ची बरोबरी सेमिनोल्सचे चाहते आजही विजयासारखी मिरवतात, कारण सामन्याच्या चार सत्रांपैकी शेवटच्या सत्रात 31-3 असा पिछाडीवर असलेला संघ 31-31 पर्यंत पोहोचला होता.

दोन्ही शहरांत जेमतेम अडीचशे किलोमीटरचे अंतर आहे. दोन्ही विद्यापीठे त्याच राज्यातील शाळांमधून खेळाडू निवडतात, आणि एकाच कुटुंबातली भावंडे दोन वेगळ्या विद्यापीठांत शिकलेली असणे तेथे अगदी सर्रास आढळते. त्यामुळे या सामन्याचा निकाल वर्षभर जेवणाच्या टेबलावर चघळला जातो. 2022 आणि 2023 मध्ये आपण, म्हणजे फ्लोरिडा स्टेट, जिंकलो होतो. सलग तिसरा विजय मिळाला असता, तर उरलेल्या वाईट हंगामाचे दुःख निम्म्याने हलके झाले असते, असे मला मनापासून वाटते.

सामना संपल्यानंतर झेंड्यावरून जो प्रकार घडला तो काय होता?

फ्लोरिडाच्या एका खेळाडूने आपल्या संघाचा झेंडा टॅलाहासीतील डोक कॅम्पबेल स्टेडियमच्या मैदानाच्या मध्यावरील बोधचिन्हावर रोवण्याचा प्रयत्न केला. त्यावरून दोन्ही संघांत धक्काबुक्की झाली आणि आपले मुख्य प्रशिक्षक माइक नॉर्व्हेल यांनी तो झेंडा उचलून बाजूला भिरकावला. फ्लोरिडाचे तेव्हाचे प्रशिक्षक बिली नेपियर यांनी आपल्या खेळाडूच्या वर्तनाबद्दल नाराजी व्यक्त केली. जखमेवर मीठ चोळण्याचाच हा प्रकार होता, यात शंका नाही. मात्र त्या संध्याकाळी संताप करण्यासारखी गोष्ट झेंडा नव्हती, तर आधीचे चार सत्रांचे खेळणे होते.

तेरा विजयांवरून दोन विजयांवर संघ आला कसा? नेमके कुठे बिनसले?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. याचे उत्तर फ्लोरिडाविरुद्धच्या सामन्यात न शोधता ऑगस्टमध्ये डब्लिन येथे झालेल्या पहिल्याच सामन्यात शोधावे लागते. हंगामापूर्वीच्या क्रमवारीत आपला संघ दहाव्या क्रमांकावर होता. आयर्लंडच्या राजधानीत 24 ऑगस्टला जॉर्जिया टेकविरुद्ध सामना 21-21 असा बरोबरीत असताना सुमारे साडेसहा मिनिटे उरली होती. चेंडू जॉर्जिया टेककडे गेला आणि तो पुन्हा आपल्या हाती आलाच नाही. त्यांनी चेंडू घेऊन साधे, सरळ धावत, प्रत्येक वेळी चार-पाच यार्ड पुढे सरकत, घड्याळ संपवले आणि शेवटच्या क्षणी एडन बर याने 44 यार्डांवरून फील्ड गोल (चेंडू लाथाडून खांबांमधून घालवल्यास मिळणारे तीन गुण) मारून 24-21 असा सामना जिंकला. त्या सहा मिनिटांत कोणतीही चलाख योजना नव्हती. समोरासमोर उभ्या असलेल्या पाच-सहा धिप्पाड माणसांनी आपल्या माणसांना मागे रेटले, एवढेच घडले.

नऊ दिवसांनी बॉस्टन कॉलेजने टॅलाहासीत येऊन 28-13 असा विजय मिळवताना अडीचशेहून अधिक यार्ड धावून काढले, आणि आपल्या संघाला धावून जेमतेम 21 यार्ड मिळाले. ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी सांगायचे तर, चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जाता आले तरच चेंडू आपल्याकडे राहतो. ज्या संघाला धावून यार्ड मिळत नाहीत त्याला प्रत्येक वेळी लांब पास फेकावा लागतो, प्रतिस्पर्ध्याला ते आधीच ठाऊक असते, आणि मग क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूच्या, अंगावर धाडी पडतात.

यानंतर मेम्फिसकडून 20-12, सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाकडून (एसएमयू) 42-16, क्लेम्सनकडून 29-13, ड्यूककडून 23-16, मायामीकडून 36-14, नॉर्थ कॅरोलायनाकडून 35-11 आणि नोटर डेमकडून 52-3 अशी पराभवांची रांग लागली. ड्यूकविरुद्धचा पराभव वेगळा नोंदवावा लागेल, कारण त्याआधीचे त्यांच्याविरुद्धचे सर्व 22 सामने आपण जिंकले होते. विजय मिळाले ते कॅलिफोर्नियावर 14-9 आणि खालच्या श्रेणीतील चार्ल्सटन सदर्नवर 41-7 असे. हा शेवटचा सामना बाजूला ठेवला, तर उरलेल्या 11 सामन्यांपैकी एकाही सामन्यात संघाला 21 पेक्षा अधिक गुण मिळवता आले नाहीत आणि त्यांची सरासरी जेमतेम 13 गुणांची भरते. बचावाने सरासरी 28 गुण दिले, हेही वाईटच. परंतु दर सामन्यात सतत मैदानावर उभे राहावे लागलेला बचाव शेवटच्या सत्रात कोलमडतो, तेव्हा सगळे खापर त्याच्यावर फोडणे योग्य होणार नाही.

2023 मध्ये प्लेऑफमधून वगळल्यामुळेच संघ खचला, असे म्हणता येईल का?

निवड समितीचा तो निर्णय अन्यायाचा होता, असे माझे ठाम मत आहे. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या चार संघांच्या प्लेऑफमधून वगळला जाण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि कारण दिले गेले ते क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याच्या नोव्हेंबरमधील दुखापतीचे. त्यानंतर अनेक प्रमुख खेळाडू हंगामानंतरच्या ऑरेंज बोल सामन्यात उतरले नाहीत आणि जॉर्जियाने 63-3 अशी धूळ चारली. परंतु पुढील ऑगस्टमध्ये आपल्या आघाडीच्या फळीला मागे रेटले गेले, त्याचे कारण डिसेंबरमधील एका समितीची बैठक असू शकत नाही. चाहत्यांनी ही सबब आता सोडून द्यावी.

क्वार्टरबॅकची निवडच चुकली होती का?

अंशतः. क्लेम्सन आणि ओरेगन स्टेट अशा दोन विद्यापीठांत खेळून आलेला डीजे उइआंगालेलेई याच्याकडून फार मोठ्या अपेक्षा ठेवल्या गेल्या. त्याचा खेळ सुरुवातीपासून अडखळता होता आणि सप्टेंबरअखेर एसएमयूविरुद्ध हाताला दुखापत झाल्यावर त्याचा हंगाम संपला. त्यानंतर ब्रॉक ग्लेन आणि पहिल्या वर्षाचा ल्यूक क्रोमेनहूक यांना आळीपाळीने उतरवण्यात आले. तीन क्वार्टरबॅक, तीन निरनिराळ्या शैली, आणि तिघांचेही आकडे सारखेच निराशाजनक. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? समोरची फळी दोन सेकंदही तग धरत नसेल, तर मागे कोणाला उभे केले याने फारसा फरक पडत नाही.

ट्रान्स्फर पोर्टल म्हणजे काय, आणि संघाच्या घसरणीशी त्याचा संबंध कसा आहे?

एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची अधिकृत नोंद जेथे होते त्याला ट्रान्स्फर पोर्टल म्हणतात. पूर्वी विद्यापीठ बदलल्यास एक वर्ष बाहेर बसावे लागत असे. 2021 पासून ती अट प्रथम सैल झाली आणि पुढे जवळपास उरली नाही. त्याच वर्षापासून खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि प्रतिमेच्या वापरासाठी पैसे घेण्याची मुभा मिळाली. या दोन बदलांचा सर्वांत आधी आणि सर्वांत हुशारीने लाभ घेणाऱ्यांमध्ये नॉर्व्हेल होते, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

त्या 2023 च्या संघातील 10 खेळाडू पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत) घेतले गेले. जेरेड व्हर्स ऑल्बनीहून आला होता, कीऑन कोलमन मिशिगन स्टेटमधून, ब्रेडन फिस्क वेस्टर्न मिशिगनमधून, ट्रे बेन्सन ओरेगनमधून, जॉनी विल्सन ॲरिझोना स्टेटमधून, आणि खुद्द जॉर्डन ट्रॅव्हिसही मुळात लुइव्हिलचा. दहापैकी नऊ जण दुसऱ्या विद्यापीठातून आलेले होते. शाळेतून थेट टॅलाहासीत येऊन तेथेच घडलेला एकटा रेनार्डो ग्रीन होता.

या एका वस्तुस्थितीत यशाचे आणि अपयशाचेही मूळ आहे. बाहेरून आलेला अनुभवी खेळाडू एक-दोन वर्षे खेळतो आणि जातो. त्याच्या जागी उभा राहण्यासाठी दोन-तीन वर्षे व्यायामशाळेत आणि सरावात तयार झालेला आपला मुलगा मागे असावा लागतो. तो नसेल, तर दरवर्षी पुन्हा बाजारात जावे लागते, आणि बाजारात दरवर्षी व्हर्स मिळत नाही. 2024 साठी अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना स्टेट (एलएसयू) अशा नामवंत ठिकाणांहून खेळाडू आले खरे. पण त्यांतील अनेक जण तेथे नियमित जागा मिळवू न शकलेले होते, आणि मोठ्या विद्यापीठाचा शिक्का म्हणजे गुणवत्तेची हमी, असे आपणही मानून चाललो. ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे क्वार्टरबॅकपुढील पाच जणांच्या आघाडीच्या फळीच्या, बाबतीत तर ही पद्धत सर्वांत घातक ठरते. अठरा वर्षांच्या मुलाचे वजन आणि ताकद योग्य रीतीने वाढवायला वेळ लागतो, शेजारी उभ्या असलेल्या चौघांशी त्याचा मेळ बसायला आणखी वेळ लागतो, आणि तो वेळ पैसे मोजून विकत घेता येत नाही. म्हणून 30 नोव्हेंबरचा पराभव हा 2021 आणि 2022 मध्ये शाळांमधून न आणलेल्या, किंवा आणूनही न घडवलेल्या, लाइनमनचा पराभव आहे, असे मी मानतो.

मग 2024 नंतर माइक नॉर्व्हेल यांना पदावरून दूर का केले गेले नाही?

सरळ कारण पैशाचे होते. जानेवारी 2024 मध्ये निक सेबन निवृत्त झाल्यावर अलाबामाच्या रिक्त पदासाठी नॉर्व्हेल यांचे नाव घेतले जाऊ लागले, आणि विद्यापीठाने घाईघाईने त्यांच्याशी 2031 पर्यंतचा, वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक वेतनाचा करार केला. या हंगामानंतर त्यांना काढायचे झाल्यास विद्यापीठाला सहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली असती. डोक कॅम्पबेल स्टेडियमच्या नूतनीकरणावर सुमारे साडेसव्वीस कोटी डॉलरचा खर्च चालू असताना आणि लवकरच खेळाडूंना थेट महसुलातील वाटा देण्याची तयारी करावी लागणार असताना, एवढी रक्कम तेव्हा कोठून उभी करणार होते? टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर 2023 मध्ये जिंबो फिशर यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक भरपाई देऊन घरी पाठवले. हेच फिशर 2013 मध्ये आपल्याला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक होते, आणि करारांच्या अशा आकड्यांपासून आपण धडा घ्यायला हवा होता.

तथापि केवळ भरपाईच्या धाकाने त्यांना ठेवले, असे म्हणणे अपुरे ठरेल. नॉर्व्हेल यांनी 2020 मध्ये मोडकळीला आलेला संघ हाती घेतला. पहिल्या वर्षी तीन विजय, दुसऱ्या वर्षी पाच, मग दहा, मग तेरा, अशी चढती कमान त्यांनीच उभारली. 2021 मध्ये जॅक्सनव्हिल स्टेटसारख्या छोट्या संघाकडून शेवटच्या चेंडूवर हरल्यावर आणि पहिले चारही सामने गमावल्यावरही ते डगमगले नव्हते. 2025 च्या वेतनातील 45 लाख डॉलर सोडून देण्याची तयारीही त्यांनी दाखवली. त्यांना 2025 चा हंगाम मिळावा, या मताचा मी होतो. पण तो हंगाम कशाच्या आधारे तोलायचा, हे आधी ठरवून द्यायला हवे होते, आणि माझ्या मते ते माप विजयांच्या संख्येइतकेच आघाडीच्या फळीच्या खेळाचे आणि शाळांमधून आणलेल्या मुलांचे असावे.

सहायक प्रशिक्षक बदलल्याने काय साधेल?

नोटर डेमच्या पराभवानंतर दुसऱ्याच दिवशी, 10 नोव्हेंबरला, आक्रमणाचे समन्वयक ॲलेक्स ॲटकिन्स, बचावाचे समन्वयक ॲडम फुलर आणि पास झेलणाऱ्या रिसिव्हरांचे प्रशिक्षक रॉन डुगन्स यांना दूर करण्यात आले. 2025 च्या हंगामासाठी आक्रमणाची सूत्रे गस मॅलझान यांच्याकडे देण्यात आली, जे सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचे (यूसीएफ) मुख्य प्रशिक्षकपद सोडून आले. 2010 मध्ये ऑबर्नने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले तेव्हा आक्रमणाची आखणी त्यांची होती, आणि 2013 च्या अंतिम सामन्यात ऑबर्नचे मुख्य प्रशिक्षक म्हणून ते आपल्याच संघाकडून हरले होते. चेंडू घेऊन धावण्यावर त्यांचा सर्व भर असतो, त्यामुळे ही निवड मला योग्य दिशेची वाटली. बचावासाठी नेब्रास्काहून टोनी व्हाइट आले.

यात एक मोठी तडजोड दडलेली आहे. 2024 पर्यंत मैदानावर प्रत्यक्ष चाल कोणती खेळायची हे नॉर्व्हेल स्वतः ठरवत असत आणि ते काम त्यांनी मॅलझान यांच्या हाती दिले. जी गोष्ट आपल्याला सर्वांत चांगली जमते असे माणसाला वाटते तीच दुसऱ्याकडे सोपवणे सोपे नसते.

या हंगामात काहीच चांगले घडले नाही का?

घडले, आणि ते विसरले जाऊ नये. डब्लिनमध्ये रायन फिट्झगेराल्डने 59 यार्डांवरून फील्ड गोल मारला होता. मेलबर्नहून आलेला पंटर (आक्रमण अडल्यावर चेंडू दूर लाथाडणारा खेळाडू) ॲलेक्स मास्ट्रोमॅनो देशातील सर्वोत्तम पंटरांमध्ये गणला गेला. आक्रमण इतक्या वेळा अडल्यामुळेच त्याला वारंवार मैदानात यावे लागले, आणि दर खेपेला त्याने पाय तितक्याच निष्ठेने चालवला.

फ्लोरिडाचा संघही याच वर्षी अडचणीत होता ना? मग ते सावरले कसे?

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात टेक्सासकडून 49-17 असा मार खाल्ल्यावर त्यांची स्थिती चार विजय आणि पाच पराभव अशी होती, आणि नेपियर यांना काढण्याची मागणी जोरात होती. विद्यापीठाने त्या सामन्याच्या दोन दिवस आधीच त्यांना कायम ठेवत असल्याचे जाहीर केले होते. त्यानंतर त्यांनी एलएसयू, ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) आणि आपल्याला लागोपाठ हरवले. संघाची धुरा होती डीजे लॅगवे या पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅककडे, ज्याला त्यांनी थेट शाळेतून आणले होते. आपला प्रतिस्पर्धी म्हणून त्यांचे कौतुक करणे जड जाते, पण शालेय मुलगा हेरून, आणून, त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे काम त्या वर्षी त्यांनी केले, आपण केले नाही. आपल्याकडे येण्याचे कबूल केलेला जॅक्सनव्हिलचा एक शालेय क्वार्टरबॅक हंगामानंतर ऐन वेळी त्यांच्याकडे वळला, हे त्याचेच फळ आहे.

यापूर्वी संघाची अशी अवस्था कधी झाली होती?

1973 मध्ये संघाने सर्व 11 सामने गमावले, 1974 मध्ये एकच सामना जिंकला आणि 1975 मध्ये तीन. 1976 मध्ये बॉबी बाउडन आले तेव्हा पहिल्या वर्षी त्यांनाही पाचच विजय मिळाले होते. 1974 नंतर एका हंगामात इतके कमी विजय कधीच मिळाले नव्हते.

खेळाडूंवर समाजमाध्यमांतून होणारी टीका योग्य आहे का?

खेळावर टीका करावी, कठोर करावी. परंतु एकोणीस वर्षांच्या मुलाला रात्री बारा वाजता शिव्यांचे संदेश पाठवणे हे चाहत्याचे काम नाही, मग त्याला कितीही पैसे मिळत असोत. ल्यूक क्रोमेनहूकने हंगामानंतर पोर्टलची वाट धरली आणि तो मिसिसिपी स्टेटला गेला. त्याला मनापासून शुभेच्छा द्याव्यात.

पुढचा हंगाम कधी सुरू झाला, आणि सुधारणा झाली आहे हे कसे ओळखावे?

पहिला सामना 30 ऑगस्ट 2025 रोजी टॅलाहासीत अलाबामाविरुद्ध होता. फ्लोरिडाशी गाठ त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस गेन्सव्हिलमध्ये होती. बॉस्टन कॉलेजच्या ज्या थॉमस कॅस्टेलानोस या क्वार्टरबॅकने सप्टेंबर 2024 मध्ये आपल्याला हरवले तोच 2025 साठी आपल्याकडे आला असून तो यूसीएफमध्ये मॅलझान यांच्या हाताखाली खेळलेला आहे. सर्वांच्या नजरा क्वार्टरबॅकवर असतात, पण सामन्याची पहिली दोन-तीन सत्रे त्याच्याकडे न पाहता त्याच्या पुढच्या पाच जणांकडे पाहावे. पहिल्या प्रयत्नात चार यार्ड मिळत आहेत का, दुसऱ्या प्रयत्नानंतर अंतर तीन-चार यार्डांचेच उरते आहे का, आणि तिसऱ्या प्रयत्नाला एखाद-दुसरा यार्ड हवा असताना फळी पुढे सरकते की मागे ढकलली जाते, हे टिपून ठेवावे. तसेच चौथ्या सत्रात शाळेतून आलेले किती लाइनमन मैदानावर आहेत, तेही मोजावे.